पक्ष, साध्य आणि ओढून पाहिले

"मागे दिसत नसेल त्यांनी पुढे या," मी म्हणालो. अख्खा वर्ग उठून पुढे आला.

मी बराच वेळ रिमोटशी झटापट करत होतो. पडद्यावर उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. बल्ब गेला, असं निदान मी जाहीर करून टाकलं. तेव्हा पहिल्या बाकावरच्या नाझनीन शेखने हात वर केला. "सर, झाकण." प्रोजेक्टरच्या भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं. कसबा पेठेतल्या आमच्या मराठी शाळेत डिजिटल युग अवतरलं ते असं.

प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एका माजी विद्यार्थ्याने भेट दिले होते. तो हडपसरच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला. शाळेत असताना भूमितीच्या तासाला त्याने माझी भरपूर बोलणी खाल्ली होती. मुलांपेक्षा मलाच सुधारावं, असा त्याचा हेतू असणार.

लॅपटॉपमध्ये भूमितीचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात वर्तुळ काढायचं, त्यावर बिंदू घ्यायचे आणि माउसने ओढायचे. बिंदू सरकला की रेषा सरकतात, कोनांची मापं आपोआप दिसतात. आता दहावीला एक प्रमेय आहे. वर्तुळात एक जीवा घ्या, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ. तिच्या एका बाजूला वर्तुळावर कुठेही बिंदू घ्या आणि तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडा. तिथे होणारा कोन नेहमी तेवढाच असतो. फळ्यावर हे पटवताना माझी दमछाक व्हायची, कारण माझं वर्तुळ बटाट्यासारखं येतं. पडद्यावर मी बिंदू ओढला. कोन बावन्न अंश. आणखी ओढला. बावन्नच. पार दुसऱ्या टोकाला नेला, तरी बावन्न.

"आईशप्पथ!" मागून कुणीतरी म्हणालं. भूमितीच्या तासाला हा उद्गार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या भरात मी म्हणून गेलो, "बघा, झालं की नाही सिद्ध!"

मुलं शिक्षकांचं ऐकत नाहीत, ही तक्रार खोटी आहे. नको ते वाक्य बरोबर ऐकतात.

प्रीलिम झाली. आमच्याकडे एकमेकांच्या तुकडीचे पेपर तपासायची पद्धत आहे. माझ्या तुकडीचा गठ्ठा कांबळे सरांकडे गेला. कांबळे खडू-फळ्याचे शिक्षक. त्यांचा आवाज कधी चढत नाही. चढवायची गरजही पडत नाही.

"अहो सर," ते स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "सिद्धता बंद झाली का? माझ्यापर्यंत परिपत्रक पोचलेलं नाही."

ज्यांची भूमिती शाळेतच सुटली त्यांच्यासाठी सांगतो. प्रमेय लिहिताना आधी पक्ष लिहायचा, म्हणजे जे दिलेलं आहे ते. मग साध्य, म्हणजे जे दाखवून द्यायचं आहे ते. आणि मग सिद्धता, एकेक पायरी कारणासकट. नाझनीनच्या पेपरात पक्ष होता, साध्य होतं. सिद्धता या शब्दाखाली एकच ओळ होती: 'बिंदू कुठेही ओढून पाहिला तरी कोन बदलत नाही.' निम्म्याहून जास्त वर्गाने असंच काहीतरी लिहिलं होतं. कांबळ्यांनी त्या प्रश्नाला अशा सगळ्यांना भोपळा दिला होता. मीही तेच केलं असतं.

मुख्याध्यापिका पाटणकर बाईंनी बोलावून घेतलं.

"बोर्डाचा परीक्षक तुमचा बिंदू ओढायला येणार नाहीये."

"हो, बाई."

"परीक्षा तोंडावर आहे. एक तास घ्या आणि निस्तरा. नाहीतर ते यंत्र कपाटात आणि तुम्ही फळ्यापाशी."

कपाटाचं मला फार वाटलं नाही. घोर होता तो नाझनीनचा. तिला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं, आणि तिथे प्रवेश एकेका मार्कावर अडतो. बोर्डातही तिने तीच ओळ लिहिली असती. ती लिहिण्याइतकी ती हट्टी होती.

"सिद्धता लिहीत जा," मी तिला सांगितलं.

"सर, जे डोळ्यांना दिसतंय ते परत लिहून कशाला दाखवायचं?"

"त्याला मार्क असतात."

"म्हणजे फक्त मार्कांसाठी?"

"बेल झाली वाटतं," मी म्हणालो. बेल झाली नव्हती.

घरी डोकं खाजवत बसलो. समजावून ही मुलगी ऐकणार नव्हती. तिच्या डोळ्यांवरचाच तिचा विश्वास जरा ढिला करायला हवा होता.

त्या तासाला मी पडद्यावर आठ बाय आठचा चौरस काढला. चौसष्ट चौकटी. मुलांनी मोजून घेतल्या. मग त्याचे चार तुकडे केले आणि माउसने ओढून वेगळे जुळवले. तेरा बाय पाचचा आयत झाला.

"किती चौकटी?"

"पासष्ट."

"म्हणजे चौसष्ट बरोबर पासष्ट. बघा, झालं की नाही सिद्ध!"

"सर, चीटिंग!" "तुकडा बदललात!" गलका उठला. मी सगळं पुन्हा करून दाखवलं. पुन्हा पासष्ट.

"डोळ्यांना तर दिसतंय," मी खिडकीकडे बघत म्हणालो.

नाझनीन उठून लॅपटॉपपाशी आली. "सर, झूम करू?" मी बाजूला झालो. ती चित्र मोठं करत गेली. तुकड्यांच्या कडा मी मुद्दाम जाड ठेवल्या होत्या. चित्र मोठं झालं तशी तिरप्या रेघेच्या मधोमध एक फट दिसायला लागली, लांबट, सुईसारखी. तुकड्यांचे उतार किंचित वेगळे असतात, त्यामुळे ते नीट बसत नाहीत. जादाची चौकट म्हणजे ती फट.

"सापडली!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"छान. आता वर्तुळाच्या प्रमेयात अशी फट नाही, हे कशावरून?" मी विचारलं.

"तिथेही झूम करते."

"कर. किती केलंस की पुरे?"

तिने माउसवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. वर्ग तिच्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही. शिक्षकाला ही गोष्ट सर्वांत अवघड जाते.

"कितीही केलं तरी त्याच्या पुढे असू शकते," ती शेवटी म्हणाली. जागेवर जाऊन बसली आणि वही उघडली. "सर, सिद्धता सांगा."

मी प्रोजेक्टर बंद करून फळ्यापाशी गेलो. वर्तुळ बटाट्यासारखंच आलं. सिद्धतेचं त्याने काही बिघडलं नाही.

कांबळ्यांनी पुन्हा चाचणी घेतली. बहुतेकांनी पायऱ्या लिहिल्या. काहींची कारणं चुकली, काहींची भाषा अगदीच घरगुती होती. नाझनीनने सगळ्या पायऱ्या लिहून खाली एक वाक्य जोडलं होतं: 'म्हणून झूम करण्याची गरज नाही.' कांबळ्यांनी त्याला लाल गोल करून मला विचारलं, "हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" मार्क मात्र पूर्ण दिले. बोर्डातही तिचे भूमितीचे मार्क अडले नाहीत. डिप्लोमाला हवी ती शाखा मिळाली. प्रोजेक्टर कपाटात गेला नाही.

यातून मी धडा काढला तो असा: यंत्र दाखवतं, पण का ते सांगत नाही. ते शिक्षकाने सांगायचं, त्याचाच तर पगार मिळतो.

हा सगळा पराक्रम मी घरी बायकोला, सुनंदाला, सांगितला. ती नुकतीच बँकेतून आली होती आणि कुकर लावत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"अहो, मग आधीच्या वर्गांना कसं पटवायचात, सिद्धता कशाला लिहायची ते?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही. सगळे बरोबर लिहायचे. स्वल्पविरामसुद्धा पुस्तकातला."

तिने कुकरचं झाकण लावलं.

"म्हणजे इतकी वर्षं पाठांतराला मार्क देत होतात," ती म्हणाली, "आणि भोपळा मिळाला तो विचारणाऱ्या पोरीला."