रेडिएटरची जाडी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — घरात नाही, गॅरेजात नाही. तुम्हाला सांगतो.

जळगावात माझं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. सावद्याच्या नानांची केळीची शेती, आणि वडिलांच्या वेळची एक विलायती गाडी. नव्वदच्या आसपास तिचा पितळी रेडिएटर गळायला लागला. नाना म्हणत होते, कथलाचा डाग देऊन चालवू. मीच म्हटलं, अ‍ॅल्युमिनियमचा बसवू — हलका असतो, लवकर थंड होतो. त्यात खोटं काही नव्हतं. उंची मोजली, रुंदी मोजली. जाडी? ती मी नजरेनं घेतली. टेप खिशातच होती. पण माझ्या नजरेला टेप कशाला?

बसवल्यावर पंख्याचं पातं आणि रेडिएटरची जाळी यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी जागा उरली. दिसलं मला. तरी गाडी दिली.

चौथ्या दिवशी मुक्ताईनगरच्या वाटेवर इंजिन जाम झालं. ट्रकमागे बांधून गाडी आणली. मी बॉनेट उघडलं — खड्ड्यांत इंजिन हललं होतं आणि पात्यानं जाळी कापली होती. सगळं पाणी तिथून गेलेलं. तापमानाचा काटा तर कधीचाच बंद, कळणार कोणाला? मागे नाना उभे, शेजारी त्यांचा ड्रायव्हर रघुनाथ — धुळ्याकडचा, बारा वर्षं त्यांच्याकडे. मी अंगानं जाळी झाकली आणि म्हणालो, "पाणी न बघता गाडी पळवली, नाना."

रघुनाथ एवढंच बोलला, "पानी मी सकायमाच भरेल व्हतं, नाना."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? रघुनाथचं काम त्याच दिवशी सुटलं. रेडिएटर मी संध्याकाळच्या आत भंगारात टाकला.

भीती होती का? नाही हो. नाना चार शब्द बोलले असते, आणि विषय मिटला असता. मला फक्त चुकलेला दिसायचं नव्हतं.

सहा-सात वर्षांनी रघुनाथ धुळ्याच्या स्टँडवर भेटला. सुरतेला हमाली करत होता. पुन्हा कोणी गाडी हातात दिली नव्हती. चहा त्यानंच पाजला. मग हळूच विचारलं, "भाऊ, गाडीमा पानी खरंच नव्हतं का?"

इतकी वर्षं तो स्वतःवरच संशय घेत होता.

मी म्हणालो, "नव्हतं."

त्यानं मान डोलावली आणि सुरतेच्या बसमध्ये जाऊन बसला.