सेरंगूनमधला राणीचा राजवाडा

त्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाच्या स्टेजवर रशियाच्या राणीचा राजवाडा उभा राहिला, आणि तो मी उभा केला होता. हे वाक्य मी संधी मिळेल तिथे टाकतो. समोरच्याने "म्हणजे काय?" एवढं विचारलं की माझं काम झालं. मग त्याचा चहा गार होतो आणि मी खुर्ची पुढे ओढतो.

सुरुवात कंपनीच्या बसमध्ये झाली. सिंगापूरला येऊन आम्हाला काही वर्षं झाली होती, व्हॉट्सअ‍ॅप नुकतंच घराघरांत शिरलं होतं, आणि मी रोज सकाळी गळ्यात पास अडकवून जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत जायचो. शेजारच्या सीटवर सेंट पीटर्सबर्गचा एक इंजिनिअर बसायचा. अंगाने कपाट, बोलायला दगड. कित्येक महिने आम्ही फक्त पंप, गळती आणि कॅन्टीन एवढ्यावरच बोललो. एकदा मी सहज विचारलं, तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे रे? माणूस पेटलाच. चेकपोस्ट आला, पास तपासले गेले, बस पुन्हा निघाली, तरी तो बोलतच होता.

त्याने सांगितली ती एका दरबारी आर्किटेक्टची गोष्ट. बाप इटालियन शिल्पकार. झारने त्याला कामाला बोलावलं, त्याने मिसरूड न फुटलेल्या पोराला बरोबर आणलं. बापाने पुतळे केले, पोराने पुढे राजवाडे. त्या देशात अर्धं वर्ष बर्फ आणि करडं आभाळ. ह्याने राणीला आकाशी रंगाच्या भिंती दिल्या, पांढरे खांब दिले, छत खांद्यावर पेलणारे सोनेरी पुरुष दिले. एक मेणबत्ती लावली की शंभर दिसाव्यात इतके आरसे दिले. आणि राणी अशी, की भिंत उभी राहिली की म्हणायची, सुंदर आहे, पाडा. तो पाडायचा. पुन्हा बांधायचा. ती पुन्हा यायची. वर्षानुवर्षं.

हे ऐकताक्षणी मला कळलं, राणीचं काम माझ्या बायकोला द्यायचं.

मी एकांकिका लिहिली. आर्किटेक्ट अर्थातच मी. आमच्या अध्यक्षबाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि मंडळही बँकेसारखंच चालवायच्या. त्यांनी संहिता वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "करा. पण सहाला हॉल रिकामा पाहिजे. नंतर तिथे लग्नाचं जेवण आहे. दिवाळीला आपण रांगोळी पुसायला विसरलो, तेव्हाच हॉलच्या आंटीने मला बजावलंय, आणखी एकदा असं झालं तर पुढचं बुकिंग नाही. मग गणपती बसवायचा कुठे? तुमच्या कंडोच्या जिममध्ये, ट्रेडमिलवर?"

"एक खिळा मागे राहणार नाही," मी म्हणालो.

"मला खिळ्याची काळजी नाही. तुमची आहे."

हॉलची आंटी म्हणजे सेरंगूनच्या त्या हॉलच्या किल्ल्या सांभाळणारी चिनी बाई. उंची बेताची, आवाज नाही, पण ती दारात उभी राहिली की माणसं आपोआप खुर्च्या उचलायला लागत. तिची बुकिंगची वही आणि आमचा गणपती यांच्यामध्ये आता मी उभा होतो.

अशा वेळी शहाणा माणूस एक पडदा आणि दोन खुर्च्या घेतो. मी फ्रीज आणि वॉशिंग मशीनचे खोके जमवले. महिनाभर आमच्या घरातल्या हॉलमधून स्वयंपाकघरात जायला खांबांमधून वाट काढावी लागायची. आकाशी रंग, थर्माकोलची नक्षी, लिटिल इंडियातून आणलेला सोनेरी कागद, पुठ्ठ्याची पंखवाली गुटगुटीत बाळं. मुलगी शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, इट्स टू बिग लाह."

"राजवाडा आहे तो."

"दॅट्स व्हॉट आय सेड."

राणीचे दागिने मात्र बायकोची कल्पना. संक्रांतच होती, तिने हलव्याचा मुकुट केला, हलव्याचा हार, हलव्याच्या बांगड्या. लांबून हिरेच. जवळून मुंग्या. सिंगापूरच्या दमट हवेत पहिल्या दहा मिनिटांतच मुकुट तिच्या केसांना असा चिकटला की त्या दिवशी तिला कोणी गादीवरून उतरवू शकलं नसतं.

नाटक असं रंगलं की अजून अंगावर काटा येतो. पडदा सरकला आणि हॉलमधून एक लांब "अरे बापरे" उठलं. काळ्या साड्यांतल्या बायका, झब्ब्यातले पुरुष, आणि पहिल्या रांगेत माझा रशियन, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. मी पांढरा टोप, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात नकाशांची गुंडाळी. बायको आली, खांबाकडे बघितलं आणि संहिता सोडून बोलायला लागली.

"हा खांब इथे का आहे?"

"महाराणी, छत पेलायला."

"मला खिडकीतून दिसत नाही."

"खिडकी तिकडे नेतो."

"मग ऊन येईल. तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही भलतंच करता. घरी पडदे लावतानाही हेच."

लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मग गोष्ट वळली. राणीने शहरातला मोठा हिवाळी राजवाडा बांधायला काढला, आर्किटेक्टने आयुष्य ओतलं, आणि राहायला जायच्या आधीच राणी गेली. काही महिन्यांतच गादीवर दुसरी बाई आली. तिला साधं, सरळ, बिननक्षीचं आवडायचं. नक्षीवाल्याला नारळ मिळाला. म्हातारपणी तो ह्या दरबारात, त्या दरबारात काम मागत हिंडला. आज त्याचे राजवाडे बघायला जग लोटतं, त्याची कबर कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. मी नकाशांची गुंडाळी खाली ठेवली आणि आकाशी भिंतीला हात लावून उभा राहिलो. पहिल्या रांगेतून तोफेसारखा आवाज आला. रशियन नाक शिंकरत होता.

टाळ्या चालू असतानाच माझा फोन थरथरला. सेट न्यायला बोलावलेली लॉरी एक्स्प्रेसवेवर बंद पडली होती. आज येत नाही, सॉरी.

पाच वाजून गेले होते.

विंगेत अध्यक्षबाई उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. एवढा राजवाडा कचऱ्याच्या खोलीत मावत नव्हता, खाली मोकळ्यावर टाकला तर दंड, टॅक्सीत एक खांबही आडवा जात नव्हता. आणि तेवढ्यात मला आठवलं. हा प्रसंग मी लिहिला होता, बायकोने लांबतंय म्हणून कापला होता. हिवाळी राजवाडा पुरा झाला तेव्हा समोरच्या चौकात वर्षांचा पसारा साचला होता. फळ्या, विटा, कामगारांच्या झोपड्या. राणीनंतर काही महिनेच गादीवर टिकलेल्या झारला गृहप्रवेश करायचा होता. कोणीतरी सुचवलं, गावाला सांगा, ज्याला जे हवं ते फुकट घेऊन जा. गाव लोटलं. काही तासांत चौक लख्ख.

मी माईक ओढला. "मंडळी, राजवाड्यातलं ज्याला जे आवडेल ते त्याने घरी न्यावं. फुकट."

कोणी हललं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं, मराठीत आणि इंग्रजीत. लोक प्रेमाने हसले. दुसऱ्या रांगेत आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू होत्या, मुलाकडे राहायच्या, मूळच्या दादरच्या. त्या म्हणाल्या, "नको रे, असू दे. एवढ्या मेहनतीने केलंय."

"काकू, न्याच."

"बरं नाही दिसत असं. आधी अध्यक्षबाईंनी घ्यावं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "छे छे, आधी बाकीच्यांनी." एक गृहस्थ उठले, पंखवाल्या बाळाच्या गालाला हात लावला आणि त्यांच्या बायकोने बघितल्यावर खुर्चीत परत बसले. रशियन माझ्याजवळ आला आणि हळूच इंग्रजीत म्हणाला, "हे काय आहे? आमच्याकडे एव्हाना खिडक्याही गेल्या असत्या."

"आमच्याकडे फुकट म्हटलं की माणूस आधी हात मागे घेतो," मी म्हणालो. "चारचौघांत तरी."

तेवढ्यात माझ्या हातातला माईक गेला. मुकुटासकट महाराणी पुढे आल्या होत्या, एका हातात हळदीकुंकवाचं ताट. "यंदाचं वाण अजून वाटलेलं नाही," बायको म्हणाली. "दाराशी डबे ठेवलेत ते पुढच्या वर्षी. ह्या वर्षीचं वाण राजवाडा आहे. ओळीने या."

काय सांगू तुम्हाला. वाण म्हटल्यावर नको म्हणायची सोयच नाही. बायका उठल्या, ओळ लागली. हळद, कुंकू, तिळगूळ आणि हातात एक खांब. हळद, कुंकू, तिळगूळ आणि एक खिडकी. आणि मघाशी ज्यांना काहीच नको होतं त्यांना आता एकेकाचं बघून हवं होतं. "तिला सोनेरी दिलंत, मला नुसता पांढरा?" "ह्याचा एक पंख तुटलाय, बदलून द्या." "मागच्या वर्षीची चाळणी बरी होती, पण असू दे." नवरे मागे उभे राहून ओझी सांभाळत होते. राजवाडा दोन्ही दारांनी बाहेर चालत गेला. रशियनला एक सोनेरी पुरुष मिळाला, त्याने तो खांद्यावर घेतला, आणि कोण कोणाला पेलतंय ते कळेना.

सहाला थोडा वेळ होता तेव्हा मी आणि अध्यक्षबाई झाडू मारून रिकाम्या हॉलमध्ये उभे होतो. एक खिळा नव्हता. किल्ल्यांचा आवाज आला. आंटीने स्टेज बघितलं, जमीन बघितली, कोपरे बघितले. मान डोलावली. मी श्वास सोडला. मग ती थांबली.

"माय ऑरेंज ट्री व्हेअर?"

चिनी नववर्ष जवळ आलं होतं. दाराशी तिने संत्र्याची दोन छोटी झाडं ठेवली होती, कुंड्यांना लाल फिती, फांदीफांदीला सोनेरी फळं. राणीच्या राजवाड्याला बाग हवी म्हणून सकाळी मीच ती स्टेजवर ओढली होती. न विचारता. आणि महाराणींनी ती कोणालातरी हळदीकुंकू लावून देऊन टाकली होती.

"न्यू इयर लक," आंटी म्हणाली. आवाज तसाच खाली. "यू टेक अवे मी लक?" तिने वही काखेत मारली. अध्यक्षबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत ट्रेडमिल होती.

मी पळालो. टोप, मोजे, बकलाचे बूट, तसाच. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनच्या फाटकाशी आमचं अख्खं मंडळ अडकलं होतं. एक तरुण कर्मचारी हात आडवा करून काळ्या साड्यांतल्या बायकांना सांगत होता की खांब घेऊन ट्रेनमध्ये बसता येणार नाही. "हे वाण आहे," बायका त्याला समजावत होत्या. आणि बाजूच्या बाकावर दादरच्या काकू बसल्या होत्या, मांडीवर एक संत्र्याचं झाड. काकांच्या मांडीवर दुसरं.

"काकू, ती झाडं परत हवीत. हॉलची आहेत. नाही दिली तर गणपतीला हॉल नाही."

काकूंनी झाड जवळ ओढलं. "अरे, वाण परत मागतात का कुठे?"

"चुकून दिलं गेलं."

"ताटाला हात लावून घेतलंय मी. आता परत दिलं तर वाईट. तुझ्या बायकोला वाईट, मला वाईट."

मी त्यांच्या पायाशी बसलो. आजूबाजूचे लोक मोबाईलवर माझे फोटो काढत होते. काकांनी काकूंकडे न बघता एवढंच म्हटलं, "घेतलेलं परत देता येत नाही. पण आपलं वाण आपण दुसरीला देऊ शकतो की नाही?"

काकूंनी थोडा विचार केला. मग उठल्या. "तिला कुंकू चालतं का?"

आम्ही परत आलो तेव्हा केटररची माणसं टेबलं मांडत होती. आंटी दारातच उभी होती, तिच्याशेजारी अध्यक्षबाई आणि मुकुट काढायच्या खटपटीत असलेली माझी बायको. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, आंटीला मराठी. काकूंनी बायकोच्या हातातलं ताट घेतलं, आंटीच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, तळहातावर तिळगूळ ठेवला, दोन्ही झाडं तिच्या पायांशी नीट जोडीने मांडून घेतली आणि वाकून नमस्कार केला.

मी मध्ये पडून भाषांतर करणार होतो. बायकोने मला कोपर मारलं.

आंटीने कपाळाला बोट लावून बघितलं. तिळगूळ तोंडात टाकला. मग ती ऑफिसात गेली आणि दोन मोठी संत्री घेऊन आली, दोन्ही हातांत एकेक, आणि ती तशीच दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली. नववर्षाला तिच्याकडे असं देतात, हे आम्हाला माहीत होतं. काकूंना नव्हतं, पण त्यांनी पदर पुढे केला.

त्यानंतर आंटीने काखेतली वही काढली, माझ्याकडे पाठ केली आणि अध्यक्षबाईंना विचारलं, "युअर एलिफंट गॉड, हाऊ मेनी डेज?"

आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षबाईंना आकडा सांगायला वेळ लागला.

"बट दिस मॅन," आंटी म्हणाली आणि पेनाने माझ्या टोपाकडे दाखवलं, "नो बिल्डिंग." तिने ते वहीत लिहूनही घेतलं. अध्यक्षबाईंनी वाचून बघितलं आणि खाली सही केली. त्यामुळे त्या वर्षी गणपती त्याच हॉलमध्ये बसला, मागे निव्वळ एक पडदा लावून, आणि मी दहा दिवस प्रसाद वाटला.