उभ्यानं पुसायचं पोतेरं

निजामाच्या अमलातलं शेवटचं वर्ष. निजामाचे बंदूकवाले मागावर होते म्हणून माझा धाकटा दीर शेतातून पळत मुरुम गावातल्या आमच्या घरी आला आणि शिडीनं माळ्यावर चढला. शहाबादी फरशीवर दारापासून शिडीपर्यंत काळ्या मातीची पावलं उमटली. मी वाकून फडक्यानं पुसू लागले. तेवढ्यात पोतेरी विकणारी एक अनोळखी बाई दारात आली. तिच्या खांद्यावर चिंध्या बांधलेल्या लांब काठ्या होत्या. तिनं पावलं पाहिली, शिडी पाहिली.

"अक्का, उठा. मान खाली घालून पुसलं की दारात कोण आलं ते दिसत न्हाय."

पदर दातात धरून, एक पोतेरं माझ्या बादलीत भिजवून ती उभ्यानंच शिडीकडून दाराकडं पुसत निघाली. पोतेरं फरशीवर, डोळे रस्त्यावर. शेवटचं पाऊल पुसलं आणि दोन बंदूकवाले उंबऱ्याशी आले.

"माल दावतेय, साहेब," ती म्हणाली. मग माझ्यावरच खेकसली, "घ्या की एकदाचं! अख्खं घर पुसून घेतलं फुकटात!"

ते हसले, स्वच्छ ओली फरशी पाहिली आणि पुढच्या घराकडं गेले.

एक पोतेरं भिंतीला टेकवून तीही गेली. नाव विचारायचं राहिलं.

अजून मी उभ्यानंच पुसते, दाराकडं तोंड करून.