कापसात कोण होतं

माझ्याजवळ माझ्या वडिलांची एकच आठवण आहे, आणि ती माझी आहे की माझ्या भावाची, यावर आम्ही दोघांनी अर्धं बालपण भांडण्यात घालवलं.

आठवण अशी. बंडीला, म्हणजे बैलगाडीला, चारी बाजूंनी बांबूचे तट्टे उभे केलेले आहेत आणि आत कापूस भरणं चाललं आहे. नेरच्या बाजारात न्यायचा कापूस असा तट्ट्यांत ओतून पायांनी तुडवावा लागतो, म्हणजे जास्त मावतो. कोणीतरी मला काखेत धरून उचलतं आणि वरून त्या कापसात सोडून देतं. मी गळ्यापर्यंत आत जाते. कापूस उन्हानं कोमट झालेला, त्याला सरकीचा तेलकट वास. आजूबाजूला सगळं पांढरं आणि वर आभाळाचा एक चौकोन. मग त्या चौकोनात बाबांचं तोंड येतं. मिशीत कापसाचे तंतू अडकलेले. ते हसतात आणि विचारतात, "बुडाली का माय?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

हे ज्या हिवाळ्यातलं, त्याच हिवाळ्यात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबईच्या राज्यात गेला. छप्पन साल. आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, त्याचा फार दिवस अचंबा होता. "राज्य बदललं म्हणते, अन् विहीर तं इथंच आहे," असं तो म्हणायचा. पुढच्या उन्हाळ्यात बाबा तापानं गेले. मी चार वर्षांची होते, भाऊ माझ्याहून दीडेक वर्षानं मोठा. बाबांचा फोटो नव्हता. आमच्याकडे फोटो निघाला तर लग्नात निघायचा, आणि त्यांच्या लग्नात तो कोणाला सुचला नव्हता. त्यामुळे आभाळाचा तो चौकोन हाच माझ्यापुरता फोटो होता. मी तो शाळेत, झोपताना, मार खाल्ल्यावर काढून बघायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा शेतात जेवायला बसलो होतो. वेचणीचे दिवस होते. मी आईला ती आठवण सांगत होते, तर भाऊ भाकरीचा घास तसाच धरून म्हणाला, "थो मी होतो."

"काय?"

"मले टाकलं होतं बाबानं कापसात. तू तं खाली मातीत खेळून राह्यली होती. मी तुले सांगितलं म्हणून तुले माईत आहे."

मी त्याच्या अंगावर ताकाचा गडवा फेकला. मी पहिल्यापासून हेकट, माझं म्हणणं खोटं पडलं की हात आधी चालायचा. पण खरं सांगायचं तर मला राग नव्हता आला, मी घाबरले होते. भावाजवळ बाबा पोतंभर होते. बाबांनी त्याला नेरच्या बाजारात भजी चारली होती, विहिरीत पोहायला उतरवलं होतं, बैलाच्या पाठीवर बसवलं होतं. माझ्याजवळ चिमूटभर होते, आणि ती चिमूटही तो मागत होता. ती त्याची निघाली असती तर मला वडील नव्हतेच, असा हिशेब झाला असता.

त्या दिवसापासून मी साक्षीदार शोधू लागले. पहिला सालदार. तो बाजूच्या बंजारा तांड्यावरचा, बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे होता आणि आईला त्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई म्हणायचा, जरी ती त्याच्याहून लहान होती. बंडी त्या दिवशी तोच भरत होता. मी त्याला बैल धुताना गाठलं.

"बाबानं कापसात कोणाले टाकलं होतं? सांग बरं खरं."

त्यानं तंबाखूची गोळी गालात सरकवली. "पोरीले टाकलं होतं. हिरवा परकर होता, दोन वेण्या होत्या. मी म्हणलं, मालक, लेकराचं नाक दबन. तं हासले."

मी घरापर्यंत पळत आले. पोरगी होती! आठ दिवस मी भावासमोर कॉलर ताठ केल्यासारखी वावरले, आणि तो जेवायला बसला की मुद्दाम समोर येऊन बसायचे. तो बिचारा काही बोलेना. शेवटी आईनंच त्या विजयाचा फुगा फोडला. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "परकर तं त्या वर्षी हाही घाले."

सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट होती, मलाही होती. भावाच्या आधीचे दोन मुलगे जगले नव्हते. म्हणून हा झाला तेव्हा माहूरच्या देवीला नवस बोलला गेला, की सहा पुरी होईपर्यंत याला पोरगी म्हणून वाढवू, केसाला कात्री लावणार नाही. त्याचं नाक टोचलं होतं, त्याचं भोक अजून दिसायचं. त्याच्या दोन वेण्या माझ्या वेण्यांपेक्षा लांब होत्या, असं मामी हसून सांगायची. दृष्ट लागू नये म्हणून बाबा त्यालाही मायच म्हणायचे. बाबा गेल्यावर मामांनी त्याला माहूरला नेऊन केस उतरवून आणले. त्याला ही गोष्ट काढायची लाज वाटायची म्हणून तो गप्प होता, आणि मला ती सोयीची नव्हती म्हणून सुचली नव्हती.

"पण हिरवा परकर माहा होता," मी म्हटलं.

"परकर एकच होता, बाई. धुतला की ज्याच्या हाती लागे थो घाले."

"मंग तू कुठं होती? तुले तं दिसलं असन."

"मी पऱ्हाटीत होती, दूर, कापूस वेचत. मले एक लेकरू वर गेलेलं दिसलं. कोणतं थे नाही दिसलं."

मला आजही वाटतं की ती खरंच सांगत होती. कधी वाटतं की तिला दिसलं होतं, पण दोन लेकरांपैकी एकाचा बाप काढून घेणं तिच्यानं झालं नाही. विचारून विचारून मी तिला पार वीट आणला. एकदा ती चिडून म्हणाली, "त्यानं एका लेकराले कापसात टाकलं अन् थो हासला, एवढं खरं आहे. तुह्यानं तेवढ्यावर नाही भागत काय?"

नव्हतं भागत. मग मी स्वतःच तपास करायचं ठरवलं. अकरा-बारा वर्षांची असेन. दुपारी सगळे पऱ्हाटीत असताना भरत आलेल्या बंडीवर चढले आणि डोळे मिटून कापसात उडी टाकली. माझं म्हणणं असं की खरोखर मी आत गेलेली असेन तर अंगाला ओळख पटेल. अंगाला ओळख पटली. तोच कोमटपणा, तोच वास, तोच चौकोन. मी आत पडल्या पडल्या आनंदानं रडले. पण घरी येऊन बाबांची आठवण काढून बघते, तर आता तिच्यात आजची दुपार मिसळलेली. वास तेव्हाचा की आजचा, काही कळेना. जुन्या ताकात नवं ताक ओतल्यावर कोणतं कोणतं ते कोणी सांगावं? तपासायला गेले आणि होता तो पुरावाही घालवून बसले.

त्यानंतर मी ती गोष्ट काढणं सोडलं. भावानंही सोडलं. तो मोठा झाला, सातवीनंतर शाळा सोडून शेती बघू लागला. नांगर धरायचा, बंडी हाकायचा, माझ्या पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचा. मी भांडायला जावं तर तो हसून बाजूला व्हायचा. असल्या माणसाशी भांडणंही जमत नाही आणि त्याच्याशिवाय करमतही नाही. कधी तो बंडी तुडवत असताना मी खाली उभी राहायचे आणि दोघांच्याही मनात तेच असायचं, हे दोघांनाही कळायचं.

साठाचं दशक सरता सरता माझं लग्न झालं. बाभुळगावकडचं घर, माणसं चांगली. लग्न मार्गशीर्षातलं, म्हणजे ऐन कापसाच्या दिवसांतलं. घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती आणि पाहुण्यांची लेकरं तिच्यातून ओढून काढावी लागत होती. निघायच्या वेळी नेरपर्यंत बंडी आणि पुढं मोटार, असं ठरलं होतं. मी बाहेर आले तर भावानं बंडीला तट्टे बांधून आत कापूस पसरला होता आणि वर सतरंजी घातली होती.

"हे कायले?"

"रस्ता खराब आहे. हाडं खिळखिळी होतीन तुही."

सालदार कासऱ्याला बसला, नवरदेव त्याच्या शेजारी आमच्याकडे पाठ करून बसले आणि बैलांकडे फारच लक्षपूर्वक पाहू लागले. आईनं ओटी भरली. भावानं मला आधार देऊन वर चढवलं आणि मग चाकापाशी उभं राहून, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाला, "थ्या दिवशी तूच होती कापसात."

मी तट्टा धरून खाली वाकले.

"मी इथं चाकापाशी होतो. मले वर घेतलं नाही म्हणून रडत होतो. मले तवाच माईत होतं. उगीच भांडलो तुह्याशी."

तो जुवाची दोरी ओढून बघत होता. दोरी पक्की होती. खोटं बोलताना तो असाच हाताला काहीतरी चाळा लावायचा. रडू आवरतानाही असंच करायचा. त्यामुळे यातलं कोणतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

"नाही," मी म्हटलं, "तूच होता. चाकापाशी मी होती."

"चूप बस. जाता जाता तरी आयक."

इतकी वर्षं आम्ही ती आठवण एकमेकांकडून हिसकावत होतो, आणि आता एकमेकांच्या पदरात घालायला भांडत होतो. मला हसू आलं आणि त्याच वेळी बंडी एकदा हलून थांबली. सतरंजी सरकली आणि मी हिरव्या शालूसकट कापसात खचले. भाऊ चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढला आणि तट्ट्यावरून आत वाकला. अठरा-एकोणीस वर्षांचं तोंड, नुकती दाट झालेली मिशी, सकाळपासून कापूस भरल्यानं तिच्यात तंतू अडकलेले.

"बुडाली का माय?" तो म्हणाला.

बाबांना मी काय उत्तर दिलं होतं, किंवा त्यानं काय दिलं होतं, ते कोणालाच माहीत नाही. त्याला दिलेलं उत्तर मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणाले, "बुडाली. काढ मले."

त्यानं हात पुढं केला, मी धरला. मग बैल चालू लागले, त्याला खाली उतरावं लागलं आणि हात सुटला.

आता बाबांचा चेहरा आठवायला गेले की त्या चौकोनात मला भावाचाच चेहरा दिसतो. खरा चेहरा कोणता, ते सांगणारं कोणी उरलं नाही, आणि मी विचारतही नाही. पण पाठवणीच्या त्या दुपारी कापसात मी होते आणि चाकापाशी रडत उभा होता तो माझा भाऊ होता. हे अख्ख्या गावानं पाहिलं आहे.