बाबांच्या गाडीचा लाल रंग

शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ डेंग्यूची तक्रार घेऊन आले होते. आमच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या तळात पावसाचं पाणी साचतं, त्यात डास होतात, त्यांच्या सुनेला ताप आलाय. "ये कबाड़ अब हटवा दीजिए, बहनजी," ते फाटकाशी उभे राहून मला सांगत होते. बोलणं खोटं नव्हतं. मी मान डोलावली. पण आत, जाळीच्या दारामागे वेताच्या खुर्चीत माझा मोठा भाऊ बसला होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर दादा म्हणाला, "देऊन टाकू. पण अशी नाही द्यायची."

"अशी म्हणजे कशी?"

"अशी विटलेली. आधी तिला लाल करू, मग जाऊ दे भंगारात."

मला हसू आलं. भंगारात जायच्या गाडीला कोण चकाकी आणतं? दादा हसला नाही. म्हणाला, "मेलेल्या माणसालाही आंघोळ घालतातच ना."

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. एक भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

गाडी बाबांची. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बदली होऊन ते पुण्याहून भोपाळला आले तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. काही वर्षांनी अरेरा कॉलनीत घर बांधलं आणि त्याच सुमारास कुणाकडून तरी ही दोन दारांची छोटी गाडी घेतली. तिचं अंग पत्र्याचं नव्हतं, फायबरचं होतं. कॉलनीतली मुलं येता-जाता बॉनेटवर टिचकी मारून "प्लास्टिक की गाड़ी" म्हणायची. बाबा म्हणायचे, "हसू देत. ही कधी गंजणार नाही." गंजली नाहीच. पण इथल्या उन्हाने तिचा लाल रंग आधी विटकरी केला, मग गुलाबी, आणि शेवटी हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागायला लागली.

दादा या गाडीमुळेच फायबरच्या कामात पडला. एकदा बाबांनी ती फाटकाच्या खांबाला घासली, मडगार्डला तडा गेला, आणि तो बुजवायला एक कारागीर घरी आला. दादा शाळा बुडवून त्याच्याजवळ बसून राहिला. पुढे डिप्लोमा केला आणि मंडीदीपच्या एका छोट्या कारखान्यात लागला. पाण्याच्या टाक्या, कूलरचे डबे, बसचे दर्शनी भाग असं काय काय ते बनवत. तो नावाला सुपरवायझर होता, पण तिथे सगळेच सगळं करत. साच्यातून काढलेला माल घासून गुळगुळीत करणं हे त्याचं आवडीचं काम होतं, आणि त्याने अर्ध्याहून जास्त आयुष्य ते केलं.

पन्नाशी ओलांडली आणि त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. भोपाळमध्ये छातीचं दुखणं घेऊन गेलं की डॉक्टरांचा चौऱ्याऐंशीच्या वायुगळतीबद्दलचा एक प्रश्न ठरलेला असतो. त्यांनीही तो विचारला, "आप गैसवाले हैं?"

"नहीं," दादा म्हणाला. "हम लोग बाद में आए."

मग त्यांनी काम विचारलं. दादाने सांगितलं. डॉक्टर बराच वेळ खाली बघून लिहीत राहिले. फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, म्हणाले. धुळीने असेल, आणखी कशाने असेल, पक्कं सांगता येत नाही. परतताना रिक्षात वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पक्कं सांगता येत नाही म्हणे."

आई-बाबा गेल्यापासून घरात खाली दादा-वहिनी राहायचे. माझं लग्न मोडल्यावर मी परत आले, तेव्हापासून वरच्या मजल्यावर राहते आणि एका शाळेत शिकवते. दादाला मूल नव्हतं. नोकरी सुटल्यावर तो खुर्ची आणि ऑक्सिजनचं मशीन यांच्यामध्ये अडकला. मशीनची नळी जाळीच्या दारापर्यंत पोचायची, अंगणात पोचायची नाही. म्हणून गाडीचं काम मी करायचं आणि त्याने दाराआडून सांगायचं, असं ठरलं. वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, त्यांच्या डोक्यातून हे काढता नाही येणार?" मी म्हटलं, "पाण्याने घासायचं आहे, धूळ उडणार नाही." त्या म्हणाल्या, "धुळीचं नाही म्हणत मी." मग काय म्हणत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही.

पाऊस संपल्यावर कामाला लागले. आधी साबणाने गाडी धुतली. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायचं. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. फायबरच्या वर रंगीत राळेचा एक थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. ऊन लागून मेलेला असतो तो फक्त या थराचा वरचा पापुद्रा. तो काढला की खाली मूळचा रंग जिवंत असतो, हे मला दादाने शिकवलं.

"पाणी सोड. अजून सोड. एक कण कोरडा उडता कामा नये."

"सोडतेय रे."

"आणि गोल गोल नको फिरवूस. भांडी घासतेस का? सरळ रेषेत."

"तूच ये ना मग."

मी बोलून गेले होते. नाकातली नळी सारखी करून तो म्हणाला, "कडांवर दाब देऊ नकोस मास्तरीणबाई. तिथे थर पातळ असतो."

मी दिलाच. दाराच्या वरच्या कडेला लाल रंग संपला आणि खालून राखाडी धागे दिसायला लागले. मी ठोकळा थांबवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"उघडं पडलं ना?"

"थोडंसं."

तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि वहिनी धावत आल्या. पण उबळ थांबल्यावरही त्याचा चेहरा हसराच होता. त्या दिवशी त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. कित्येक दिवस तो एका पोळीच्या वर जात नव्हता.

ओली असताना गाडी लालभडक दिसायची आणि मी उगाच खूश व्हायचे. दादा म्हणायचा, "वाळू दे आधी. ओलं असताना सगळंच नवं दिसतं." आणि खरंच, वाळली की पुन्हा गुलाबी. मग परत बारीक पेपर. शेवटी रबिंगची पेस्ट लावून कापडाने चोळलं तेव्हा डावं दार पहिल्यांदा चमकलं. त्यात अंगणातला पेरू दिसायला लागला. मी जाळीचं दार उघडून दादाला दाखवलं. तो खूप वेळ बघत राहिला.

घासता घासता तो कारखान्यातल्या गोष्टी सांगायचा. पूर्वी कधी सांगितल्या नव्हत्या. ओल्या जेलकोटवर बाहेरची माती बसू नये म्हणून मे महिन्यातही दारं बंद ठेवायचे, पंखेही बंद. घासकामाची पांढरी धूळ हवेत तशीच तरंगत राहायची. तोंडाला ओला गमछा बांधायचा, तो वाळला की पुन्हा भिजवायचा.

"मास्क नव्हते?"

"होते की. कुणी तपासणीला येणार असलं की मिळायचे."

मला आमचे जुने दिवस आठवले. कामावरून आला की दादा कडाक्याच्या थंडीतही गार पाण्याने आंघोळ करायचा. गरम पाण्याने म्हणे फायबरमधले काचेचे बारीक धागे कातडीत आणखी रुततात. आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची, तरी आमच्या चादरी टोचायच्या. मी कुरकुर करायचे. आई म्हणायची, "अगं, त्याच्या कामाची खाज आहे ती." खाज हाच शब्द होता आमच्या घरात. ते धागे जर चादरीत शिरत होते तर श्वासातही शिरत असतील, हे कुणी बोललं नाही. दादाही नाही.

डावी बाजू पूर्ण झाली, बॉनेट अर्धं झालं. दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली.

त्या शनिवारी मी दुपारी शाळेतून आले. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. जाळीचं दार सताड उघडं होतं. मशीन चालू होतं आणि नळी उंबऱ्यावर पडून फुसफुसत होती. दादा गाडीपाशी खाली बसला होता, पाठ चाकाला टेकलेली. हातात वॉटर पेपरचा कोरडा तुकडा. बॉनेटची कड त्याने कोरडीच घासली होती. गुलाबी-पांढरी भुकटी केसांवर, भुवयांवर, स्वेटरवर. ओठ निळे पडले होते.

मी त्याला काखेत धरून ओढत आत नेलं. तो इतका हलका झाला होता की मला कुणाला हाक मारावी लागली नाही. नळी नाकाला लावली. "हे काय केलंस? पाणी तरी घ्यायचंस!"

बोलायला त्याला खूप वेळ लागला. "बादली... उचलेना."

"पण उठलासच का तू?"

"तू कडेला... घाई करतेस." मग डोळे मिटून म्हणाला, "एकदा हाताने करायचं होतं गं."

"आणि वहिनींना काय सांगू?"

"नको सांगूस."

सांगायची गरजच पडली नाही. वहिनी आल्या आणि त्यांनी त्याचे केस बघितले. पिशवी खाली ठेवली, ओला टॉवेल आणला आणि त्याचं डोकं, कान, मान पुसायला लागल्या. त्याच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. टॉवेल तीनदा धुऊन आणला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि त्याला दवाखान्यात हलवलं. मग घरी, मग पुन्हा दवाखान्यात. संक्रांतीनंतर तो गेला. शेवटच्या आठवड्यात तोंडावर मोठा मास्क होता, बोलणं नव्हतं. तो माझा हात घ्यायचा आणि माझ्या बोटांची टोकं चाचपायचा. घासून घासून ती खरबरीत झाली होती. मी डॉक्टरांना विचारलं, त्या एका दुपारमुळे हे झालं का? ते म्हणाले, होणारच होतं, थोडं आधी झालं असेल, पक्कं सांगता येत नाही.

तेराव्याला पाहुणे उठून गेल्यावर वहिनी भांडी आवरत होत्या. मी मदतीला वाकले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई." मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात, तर ते खुर्चीतून उठले नसते."

त्यांचं खरं होतं. आणि गाडीचं काम सुरू झाल्यावर तो जेवायला लागला होता, हेही खरं होतं. पण ते त्या वेळी कसं बोलायचं? त्यानंतर आमचं बोलणं दूध आणि लाइटच्या बिलापुरतं उरलं. माझा स्वयंपाक मी वरच करायला लागले.

फेब्रुवारीत भंगारवाला आला. त्याने बॉनेटवर बोटाने टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं. "इसमें लोहा कहाँ है, मैडम?" शेवटी इंजिन, चाकं, खालची लोखंडी चौकट एवढं तो घेऊन गेला आणि फायबरचं रिकामं अंग तसंच फरशीवर सोडलं. त्याला भंगारात कुणी विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते वितळत नाही, कुजत नाही, जाळलं तर नुसता काळा धूर. कचऱ्याच्या गाडीवाल्यांनीही हात वर केले. भंगारवाला म्हणाला, "काट के टुकड़े कर देते हैं, फिर कहीं भी डाल दो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एक माणूस कटर मशीन घेऊन आला. तिशीचा असेल. डोळ्यांवर चष्मा नाही, तोंडावर रुमालही नाही. त्याने आमच्याच ओट्यावरच्या सॉकेटमध्ये पिन खोचली आणि टपावर पहिली चीर पाडली. पांढरा लोट उठला, उन्हात चमकला आणि त्याच्या तोंडावरून मागे गेला. मी वरच्या गच्चीवरून बघत होते. मी ओरडणार तेवढ्यात वहिनी अनवाणी बाहेर आल्या आणि त्यांनी पिन उपटली.

"बंद करो."

"दस मिनट का काम है, माताजी."

"तुम्हारे घर में कौन-कौन है?"

तो गोंधळला. "सब हैं. बीवी है, माँ है."

"तो घर जाओ."

"अरे, पर मेरी मजदूरी..."

"मिलेगी. पहले मुँह धोओ. गरम नहीं, ठंडा पानी लो." त्यांनी नळ सोडून दिला आणि तो हात, तोंड, मान धुऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. तो गेल्यावर त्यांनी बादली भरली आणि टपावरची धूळ उडायच्या आत पाणी ओतलं. मी खाली आले आणि दुसरी बादली भरून आणली. सगळा टप ओला केला, फरशी ओली केली, भिंतसुद्धा.

गाडीचं अंग आणखी महिनाभर तिथेच होतं. मग वहिनींच्या भावाने इटारसीहून टेम्पो पाठवला. त्याला शेतातल्या पंपावर उन्हापावसासाठी काहीतरी झाकण हवं होतं. चार माणसांनी ते सहज उचललं आणि टेम्पोत ठेवलं. डावी बाजू लाल चकचकीत, उजवी गुलाबी, टपावर हातभर चीर. कोपऱ्यावर वळेपर्यंत लाल बाजू आमच्याकडे होती. वहिनी पदराचं टोक तोंडाशी धरून बघत होत्या.

संध्याकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "ताई, पोळ्या करतेय. खालीच या."

मी गेले. त्यांनी वांग्याची भाजी केली होती. आम्ही दोघी जेवलो. त्यांनी मला आग्रह करून आणखी एक पोळी वाढली आणि मी ती खाल्ली.