दामूकाकांचे उतरते खुंट

कुऱ्हाड उचलायच्या आधी दामूकाका तोडलेल्या झाडाच्या खुंटावरून तळवा फिरवत, तापलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मला हसू यायचं. वनखात्यात नवाकोरा लागलो होतो, कशाचंही हसू यायचं.

साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचं. काशीमिऱ्याच्या जंगलात मी वनरक्षक आणि पेणकरपाड्याचे दामूकाका रोजंदारीवरचे रखवालदार. पायवाटेच्या कडेला मला विचित्र खुंट दिसू लागले. सगळे जमिनीलगत, घराच्या छपरासारखे दोन्हीकडे उतरते तासलेले. घाव एकाच हाताचे. मग दोन-तीनदा खुद्द काकाच तासताना दिसले. झालं! लाकूडचोर सापडला म्हणून मी हुरळलो आणि त्यांना एका शब्दानं न विचारता साहेबांकडे अहवाल धाडला.

चार दिवसांनी सहज म्हणून विचारलं, "काका, हे खुंट असे का तासता?"

"चोर कसाबी तोडतात, साल फाटते. वर पानी साचला का खुंट कुजला. असा उतरता केला का पानी निगून जाते, मंग धुमारं फुटतात. झाड मेला न्हाय सायेब, तोडलाय फकत."

अहवाल अजून साहेबांच्या टेबलावरच होता. जाऊन "चुकलो" म्हणायचं, बस्स. पण पहिलाच अहवाल मागे घेतला तर सगळे हसतील, नोकरी कायम व्हायची राहील, म्हणून गप्प बसलो. कसला भेकड मी! पुढच्या आठवड्यात काकांना कामावरून काढलं. पाड्यात लोक त्यांना तोंडावर लाकूडचोर म्हणू लागले.

पावसाळा सरता सरता त्या खुंटांना हातभर धुमारे आले. मला त्या वाटेनं जाववेना.

सात-आठ वर्षांनी पूनम सागर वसाहतीतल्या एका बिल्डिंगच्या गेटवर काका दिसले, वॉचमनच्या खाकी शर्टात. मला पाहून लगबगीनं उठले. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"पाड्यातल्याच कोनीतरी चुगली केली, सायेब. पन मी पोरीला सांगतो, तवा येकच मानूस भला व्हता. का तासता म्हनून इचारला तरी त्यानं. बाकी कोनी इचारलाच न्हाय."

मग त्यांनी आपली खुर्ची खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. स्वतः उभे राहिले.

आणि मी बसलो.