सरांच्या आईचं नाव

स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत धान्य रेशनवरच मिळायचं. मॅट्रिक झाल्यावर मी ठाण्यातल्या एका रेशन कचेरीत कारकून म्हणून लागले. कार्डं तपासायची, जन्मलेल्यांची नावं घालायची, गेलेल्यांची खोडायची, एवढंच काम.

एकदा तपासणीसाठी आलेल्या गठ्ठ्यात माझ्या शाळेतल्या सरांचं कार्ड निघालं. सर टेंभी नाक्याजवळच्या चाळीत राहायचे. आम्हाला मराठी शिकवायचे आणि शनिवारी नीतिपाठाचा तास घ्यायचे. माणसाने काय केलं, कशासाठी केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं, हे तिन्ही पाहून मग त्याला बरावाईट म्हणा, असं ते सांगायचे. खोट्याचा विषय निघाला की मात्र आवाज चढायचा. "खोटं ते खोटं. तिथे सबबी नकोत." मला ते इतकं पटलं होतं, की दारावर आलेल्या माणसाला 'बाबा घरी नाहीत' असं सांगायला मी नकार दिला होता आणि त्यापायी आईचा मार खाल्ला होता.

कार्डावर सरांच्या आईचं नाव होतं. त्या जाऊन सहा महिने झाले होते. मी स्वतः तेव्हा सरांना भेटून आले होते.

कार्ड बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी कोपरीला घरी जायच्या आधी सरांकडे गेले. वाटलं, विसरले असतील.

"विसरलो नाही," सर म्हणाले. "तो शिधा मागच्या खोलीतल्या बाईंना जातो."

त्या बाई रत्नागिरीकडच्या. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. चार घरी स्वयंपाक करायच्या. घरमालकाने त्यांना खोली दिली होती, पण भाड्याची पावती देत नव्हता आणि पावतीशिवाय कार्ड मिळत नव्हतं.

"सर, पण हे खोटं आहे."

"आहे."

"मग तुम्ही आम्हाला शिकवलं ते?"

सरांच्या पत्नींनी, आमच्या काकूंनी, चहा आणून ठेवला. मी तो तसाच सोडून उठले.

दुसऱ्या दिवशी घरमालकाला गाठलं. म्हटलं, नुसती चिठ्ठी द्या, पुढचं मी बघते. तो हसला. "चिठ्ठी दिली की उद्या बाई खोलीवर हक्क सांगेल. तुम्ही सरकारी माणसं, तुमचं काय जातं?" मग हेड क्लार्कना विचारलं, पावतीऐवजी शेजाऱ्यांच्या सह्या चालतील का? ते म्हणाले, "नियमात नाही." मी परत विचारलं. "अहो बाई, नियमात नाही म्हटलं ना?" आठवडाभर मी हेच करत होते. सगळ्यांना त्या बाईंची दया येत होती, पण सही करायला कोणी तयार नव्हतं.

तोपर्यंत कार्ड माझ्या खणातच होतं. कार्डाशिवाय सरांच्या घरचाही शिधा अडला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. शेवटी मी नाव खोडलं. लाल शाई, तारीख, सही. राग नेमका कोणाचा येत होता ते कळत नव्हतं.

महिन्याभराने कळलं, त्या बाई मुलींना घेऊन गावी परत गेल्या. थोरली इथल्या शाळेत चौथीत होती. गावात शाळाच नव्हती.

मी पुन्हा सरांकडे गेले. "माझं चुकलं का?"

"नाही. तुझं काम तू केलंस."

"मग तुमचं चुकलं होतं?"

"तेही म्हणवत नाही मला."

"दोन्ही कसं बरोबर असेल, सर? एक काहीतरी सांगा ना!" मी जवळजवळ ओरडले. सरांसमोर इतका आवाज मी कधी चढवला नव्हता. ते म्हणाले, "शनिवारचा तास मी सोडलाय, पोरी. हेडमास्तरांना सांगितलं, आता दुसऱ्या कोणाला तरी द्या."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला चीडच आली. आम्हाला पढवून ठेवायचं आणि खरी वेळ आली की हात वर करायचे!

पुढे काही वर्षांनी नियंत्रणं उठली. कार्डाशिवाय कोणीही दुकानातून धान्य आणू लागलं. मी त्या बाईंच्या गावचा पत्ता काकूंकडून मिळवून पत्र टाकलं, परत या म्हणून. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, तेही तसंच गेलं. तिसरं मी लिहायला घेतलं होतं. पण त्यात नक्की काय म्हणायचं, क्षमा मागायची की माझं बरोबर होतं हे समजावायचं, ते काही केल्या ठरेना. शेवटी कागद फाडून टाकला.